सोलापूरहून मुंबईला आधुनिक चित्रं-शिल्पं बघायला जाताना : २४ मुलं, एक दिवस, काय आणि कसं बघायचं?

रेखाकला_वर्ग

नमस्कार. दिवाळीनंतर मुलांना मुंबईला न्यायचं ठरतंय. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा झालेली आणि एटीडी (कलाशिक्षक पदविका) करणारी मिळून २४ मुलं-मुली, सोबत आम्ही तिघं. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघायचं, सकाळी सीएसएमटी, दिवसभर काळा घोडा परिसर, रात्री सिद्धेश्वरनेच परत. मुख्य उद्देश एनजीएमएमधलं (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय) आधुनिक चित्र-शिल्पांचं प्रदर्शन. वेळ उरला तर जहांगीर आर्ट गॅलरी.

अडचण अशी की मुलांचा हात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र एवढ्यावरच बसलाय. हुसेन, रझा, गायतोंडे, तय्यब मेहता अशा आधुनिक चित्रकारांची कामं समोर आली की पाच मिनिटांत दालन उरकून जिन्यावर सेल्फी काढत बसतील अशी धास्ती आहे. एकाने किती कामं बघावीत, शिल्पाभोवती नेमकं काय करायचं, "सर, हे काय आहे?" याला काय उत्तर द्यायचं, ते सांगा.

'मॉडर्न आर्ट म्हणजे फसवणूक का' हा वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

होटगी_रोड

आधी जाण्यायेण्याचं बघू, तिथं बोंबललं तर पुढचं सगळं वाया.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच नावं बसतात. तुम्ही २७ जण, म्हणजे पाच तिकिटं. ती दोघा-तिघांनी एकाच वेळी वेगवेगळ्या मोबाइलवरून काढा, नाहीतर निम्मी मुलं गाडीच्या एका टोकाला आणि निम्मी दुसऱ्या. वेटिंगच्या भरवशावर एकही पोर नेऊ नका. रात्रभर दाराशी बसून आलेल्याला दुपारी चित्रासमोर फक्त झोप दिसते.

सोमवारी एनजीएमए बंद. शिवाय तिथली प्रदर्शनं बदलत असतात, आणि एक उतरवून दुसरं लावेपर्यंत दालनं बंद राहू शकतात. म्हणून तिकिटं काढायच्या आधी फोन करून चालू प्रदर्शनाची शेवटची तारीख विचारा, आणि गटाचं पत्र वर्गाच्या लेटरहेडवर ईमेलने पाठवून ठेवा.

स्टेशनच्या क्लोकरूमला कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. २७ सॅकना २७ कुलपं कोण लावणार? सगळ्यांचे कपडे तीन मोठ्या बॅगांत भरा, तीन कुलपं. पावती आणि रेल्वे तिकीट एकाच माणसाकडे.

स्टेशनपासून अंतर साधारण दोन किलोमीटर. दादाभाई नौरोजी रोडने हुतात्मा चौक, तिथून महात्मा गांधी रोडने काळा घोडा. एनजीएमए छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या समोर, आणि जहांगीर गॅलरी त्या वस्तुसंग्रहालयाला लागून. जहांगीरला प्रवेश फुकट. चालायचं नसेल तर मेट्रो ३ ने सीएसएमटी ते हुतात्मा चौक एकच स्टेशन आहे.

धोटा_फणी

"हे काय आहे?" याचं उत्तर देऊच नका, निदान पहिल्या तासात. उलट विचारा : कशावर केलंय, कशाने केलंय, आधी काय लागलं आणि नंतर काय लागलं? या चारांची उत्तरं समोर असतात. ती शोधताना मूल दहा मिनिटं चित्रापुढून हलत नाही, आणि अर्थाचं जे काय व्हायचं ते तेवढ्यात होऊन जातं.

एनजीएमएची इमारत म्हणजे जुना सर कावसजी जहांगीर हॉल. १९९६ मध्ये तिथं हे संग्रहालय सुरू झालं. आत अर्धगोल दालनं एकावर एक आहेत आणि वर घुमट. २४ मुलांचा घोळका एका चित्रापुढे उभा केला तर मागच्या वीस जणांना पाठी दिसतात. सहा-सहाचे चार गट करा आणि प्रत्येक गटाला वेगळ्या मजल्यावरून सुरुवात करायला लावा.

पहिली फेरी पंधरा मिनिटांची, न थांबता. लेबलं वाचायची नाहीत. फिरताना मान आपोआप जिथं वळली ती कामं लक्षात ठेवायची. मग त्यातली पाचच निवडायची आणि प्रत्येकाला आठ ते दहा मिनिटं. झाला एक तास. याहून जास्त ओढलं की डोळे उघडे राहतात, पण बघणं थांबलेलं असतं. पन्नास कामं 'करून' आलेल्याला परतीच्या गाडीत एकही आठवत नाही.

एका चित्राला तीन जागांवरून बघायचं. चार फूट रुंदीचं चित्र असेल तर आधी दहा-बारा फुटांवरून, मग चार फुटांवरून, मग जमिनीवरची रेघ परवानगी देईल तितकं जवळून, हात पाठीमागे बांधून. शेवटी बाजूला सरकून भिंतीच्या कडेने तिरकं बघा. समोरून सपाट वाटणाऱ्या चित्रावर सुरीने ओढलेले रंगाचे बांध, रोलरची खरखर, पुसून काढलेल्या जागेचा खड्डा हे सगळं तिरक्या नजरेत उमटतं. आणि फ्रेम नसेल तर कॅनव्हासची कड बघायला विसरू नका. पुढे झाकून गेलेले खालचे रंग कडेवर उघडे असतात. ओघळ उलटा दिसला तर चित्र रंगवताना फिरवलं होतं.

गायतोंडे दिसले तर तिथं सगळ्यात जास्त वेळ काढा. पहिल्या मिनिटाला एकच रंग दिसतो. डोळा त्या उजेडाला सरावला की थर सुटे व्हायला लागतात. पातळ केलेला तैलरंग, त्यावर रोलर, रंगात भिजवलेले कागदाचे तुकडे दाबून उचललेले, सुरीने खरवडलेलं. वर्षाला पाच-सहा चित्रंच व्हायची त्यांची. मुलांना एवढंच काम द्या : या चित्रात सगळ्यात शेवटी काय लागलंय ते दाखव. सहा जणांची सहा उत्तरं येतील, आणि भांडण हळू आवाजात असेल तर होऊ द्या.

आता आपल्या गावचं. तुमच्या निम्म्या मुलांच्या घरी नाहीतर शेजारी माग असेल. त्यांना चादर दोन्ही बाजूंनी उलटून बघायची सवय आहे, जेकार्डचा ग्राफ (मागावरची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर भरतात तो) ठाऊक आहे, गोल आकाराची कड ग्राफवर पायऱ्यापायऱ्यांची का होते हेही ठाऊक आहे. हीच नजर तिथं लागते. हे मी गावाच्या अभिमानापोटी लिहीत नाहीये, त्यामागे इतिहास आहे. १९५० च्या दशकात हातमागासाठी विणकर सेवा केंद्रं निघाली आणि तिथं नोकरीला चित्रकार घेतले गेले. प्रभाकर बरवे वाराणसीच्या आणि नंतर मुंबईच्या केंद्रात होते. अंबादासही अशाच केंद्रात होते. के. जी. सुब्रमण्यन १९५९ ते १९६१ मुंबईत हातमाग मंडळाचं डिझाइनचं काम बघत होते. जोगेन चौधरी मद्रासला. आपल्याकडच्या आधुनिक चित्रकलेतला बराच मोठा भाग दिवसा कापडाच्या नक्षीवर बसलेला होता. बरव्यांच्या चित्रात वस्तू एकमेकींपासून अंतर राखून कशा मांडल्यात ते बघा, आणि मग चादरीच्या मैदानात बुट्टे कसे सोडतात ते आठवा.

नसरीन मोहमदींची कामं असली तर मागवाल्या घरची मुलं पुढे काढा. कागदावर शाई-पेन्सिलच्या रेघा, बहुतेक छोट्या आकारात, एक-दीड फुटावरून बघायच्या. मागावर ताणलेल्या धाग्यांचे फोटोही त्यांनी काढलेत. मोनिका कोरिया तर विणकरच. उभे धागे सरळ ठेवणारी फणी विणताना काढून घेता येईल असा माग वापरला, त्यामुळे उभे धागे सरळ न राहता भरकटतात. ते बघून इथल्या कुठल्याही मास्तरचा जीव कळवळेल, पण ती चूक नाही, तीच नक्षी.

बाळीवेस

काय बे, दुसऱ्या धाग्यावर जा म्हणालात म्हणून गेलो तर तो धागाच बंद. इथंच विचारतो. एक तिरपी रेघ, दोन्हीकडं दोन रंग, आणि कोटीत किंमत. आमचा सहावीतला पण मारतो की ओ रेघ. पोरांना एवढ्या लांब नेऊन हे दाखवायचं?

तिरपी_रेघ

बाळीवेस, किमतीचं लिलाववाल्यांना विचारा. रेघेचं मी सांगते, कारण ते घरी करून बघता येतं.

तय्यब मेहतांची १९६९ पासूनची चित्रं घ्या. मोठा कॅनव्हास, रंगाची सलग पट्टी, कुंचल्याची खूण कुठेच नाही. तुमच्या सहावीतल्याला चार बाय पाच फुटांच्या बोर्डावर एकच रंग असा लावायला सांगा. २० चौरस फूट म्हणजे जेमतेम दोन चौरस मीटर. एका पातळ थराला साधारण २०० ते २३० मिली रंग लागतो, म्हणजे ४० मिलीच्या पाच-सहा ट्यूबा. पहिली चूक इथंच होते : एक ट्यूब संपली की दुसरी कालवायची. दुसऱ्या कालवणाचा रंग कधीच तोच येत नाही, आणि सुकल्यावर जोड लख्ख दिसतो. सगळा रंग एकदम कालवून झाकून ठेवावा लागतो. दुसरी चूक कड सुकू देण्याची. ओल्या कडेवरच पुढचा हात गेला पाहिजे, तीन इंची मऊ ब्रशने आधी उभा आणि लगेच हलका आडवा. मध्ये फोन घेतलात तर तिथं पट्टा राहतो. असे दोन-तीन थर, आणि प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा. एवढं झाल्यावर रेघेचा प्रश्न येतो : ती कुठून कुठे जाणार? ती दोन इंच सरकवली की आकृती पडते की तरंगते, हे कागदाची पट्टी वर ठेवून सरकवत बघा. सहावीतल्यासह बघा, त्यालाही आवडेल.

सरांसाठी : रंगाचं माध्यम ओळखायला शिकवून न्या, त्याने मुलांचं लक्ष टिकतं. तैलरंगात एकाच चित्रात कुठे चमक, कुठे मंदपणा असतो, आणि ब्रशच्या केसांच्या रेघा उभ्या राहतात. ॲक्रिलिक बहुतेक एकसारखं, थोडं प्लास्टिकसारखं दिसतं, कडा टेप लावून काढल्यासारख्या धारदार येतात. रझा यासाठी उत्तम. फ्रान्समध्ये गेल्यानंतरची, १९५० च्या दशकातली त्यांची जाड तैलरंगातली निसर्गचित्रं आणि नंतरची ॲक्रिलिकमधली बिंदूची चित्रं शेजारी आली तर हात बदलला की माध्यमाने हात बदलायला लावला, असा प्रश्न मुलांना टाका. बरवे एनॅमल वापरायचे, दाराखिडक्यांना लावतात तोच जातीचा रंग. तो आपणहून सपाट बसतो, म्हणून त्यांच्या पृष्ठभागाला काचेसारखी शांतता आहे. सूझांकडे उलटं. काळी जाड रेघ जवळजवळ खणलेली. त्यांची केमिकल रेखाटनं असतील तर ती निराळीच गंमत आहे, छापील मासिकाच्या पानावरची शाई द्रावकाने पुसून आणि त्यावर रेखाटून केलेली.

आणि तडे. मुलं तडे बघून "चित्र खराब झालं" म्हणतील. तड्यांची जात ओळखू द्या. वरचा थर खालच्यापेक्षा आधी सुकला की मगरीच्या पाठीसारखे रुंद तडे. कॅनव्हासच्या कोपऱ्यातून तिरपे निघालेले तडे ताणाचे. आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल तडे म्हणजे मागून कधीतरी काहीतरी आपटलं होतं.

बाळीवेस

एवढ्या ट्यूबा? एका रंगाला? राहू द्या मग. कागदाची पट्टी सरकवून बघतो.

ओतकाम

शिल्पाबद्दल कोणी बोललं नाही अजून. नेहमीचंच आहे. लोक शिल्पाला पाठ लावून चित्र बघतात.

शिल्पाचा फोटो काढून उपयोग नाही, एका फोटोत एकच बाजू येते. प्रत्येक मुलाने आधी एक पूर्ण फेरी मारायची, मग उलट दिशेने दुसरी. दुसऱ्या फेरीत जिथं आकार अचानक बदलतो तिथं थांबायचं. मग गुडघ्यावर बसून खालून. मग सावली. दालनातले दिवे वरून असतात, त्यामुळे चौथऱ्यावर पडलेली सावली हे त्या शिल्पाचं फुकट मिळालेलं रेखाटन असतं, तेच वहीत उतरवायला लावा. शिल्प आणि भिंत यांच्यामधली मोकळी जागा, हाताच्या बगलेतून दिसणारं भोक, दोन पायांमधला त्रिकोण हेही आकारच आहेत. आधुनिक शिल्पात बऱ्याचदा भोकाला मांसाइतकीच किंमत असते.

तयारी इथंच करता येईल. चार हुतात्मा पुतळा चौकात सकाळी लवकर, वाहनं कमी असताना, हीच फेरीची रीत एकदा करून घ्या. व्यक्तिशिल्प ओळखीचं असतं, त्यावर रीत शिकली की मुंबईत अनोळखी आकारावर चालवता येते.

आता धातू. ब्राँझचं शिल्प कोरत नाहीत, ओततात, हे बहुतेक मुलांना माहीत नसतं. क्रम असा : मातीत काम, त्यावरून साचा, साच्यात आतून ४ ते ६ मिलिमीटर मेणाचा थर, आतल्या पोकळीत गाभा. मेणाला मेणाच्याच कांड्या जोडतात, काही धातू आत जायला, काही हवा बाहेर पडायला. गाभा जागेवर राहावा म्हणून मेणातून आरपार खिळे. वरून प्लास्टर आणि विटांच्या भुकटीचं जाड कवच. भट्टीत ६०० ते ७०० अंशांवर मेण जळून जातं, मग ११०० अंशांच्या वर तापलेला धातू ओततात. थंड झाल्यावर कवच फोडायचं, कांड्या कापायच्या, खिळ्यांची भोकं बुजवायची, कानस, आणि शेवटी रसायन लावून तापवून रंग चढवायचा.

पोकळ कशासाठी? एक घनफूट ब्राँझ सुमारे २५० किलो भरतं. आणि वजनापेक्षा मोठी अडचण आकसण्याची. जाड भाग उशिरा निवतो, पातळ भाग आधी, मग जिथं दोन्ही भेटतात तिथं चीर जाते किंवा खड्डा पडतो. म्हणून भिंत सगळीकडे सारखी जाड ठेवायची धडपड. हे कळलं की शिल्पावर काय बिघडलं तेही वाचता येतं. बारीक टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं : वायू अडकला. दोन ओघ भेटून एकजीव न झाल्याची रेघ : धातू वाटेत गार झाला. किंचित वेगळ्या रंगाचा चौकोन : खिळ्याचं भोक बुजवलेलं. पायथ्याशी ३/८ असं कोरलेलं असेल तर आठ ओतांपैकी तिसरा. तो अपूर्णांक बघून एखादं मूल "आठपैकी तीन गुण" म्हणेल, तयार राहा.

मीरा मुखर्जी या बस्तरच्या ओतकाऱ्यांकडे शिकल्या. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळायची ती रीत, आणि त्यांच्या ब्राँझवर तो धागा अजून दिसतो. धोटा_फणी म्हणतात त्या मागवाल्या घरच्या मुलांनी तिथंही जावं. पिलू पोचखानवाला यांच्याकडे भंगारातलं लोखंड बघा, जोडलेलं, वेल्डिंगच्या जोडावरचा फुगीर मणी न लपवलेला. आदी दावियरवालांचा मूळ अभ्यास औषधनिर्माणाचा. लाकूड, दगड, धातू सगळ्यात हात. रामकिंकर बैज यांचं 'संथाल कुटुंब' १९३८ चं, ते शांतिनिकेतनला उघड्यावर आहे. त्याचा फोटो प्रदर्शनात लावलेला दिसला तर मुलांना एवढंच सांगा की ते सिमेंट आणि जांभ्याच्या खडीचं आहे, सांगाड्यावर थापून केलेलं. बांधकामावरचा गवंडी वापरतो ते साहित्य.

मृणालिनी मुखर्जी हे नाव वहीत लिहून न्या. अंबाडी-तागासारख्या दोराच्या गाठी मारून माणसाहून मोठी शिल्पं. माग नाही, विणकाम नाही, नुसत्या गाठी. खालून वर बघत जा आणि दोराच्या वजनाने आकार कुठे ओघळलाय ते हेरा.

रेखाकला_वर्ग

मंडळी, भरून पावलो. एक शंका. मुलं हात लावणारच. "लावू नका" म्हटलं की जास्तच. पटेल असं कारण काय सांगू? आणि प्रकाश इतका मंद का ठेवतात? मुलांना स्केचिंगला त्रास होईल.

पन्नास_लक्स

कारण सांगा तेच जे खरं आहे. घामात मीठ असतं. घासून चकचकीत केलेल्या धातूवर बोट टेकलं की आज काही दिसत नाही, काही आठवड्यांनी बोटाचा ठसा काळसर किंवा हिरवट उठतो, आणि तो काढायचा तर धातूच घासावा लागतो. दोराच्या शिल्पात बोटाचं तेल शिरतं ते बाहेरच येत नाही. चित्राच्या जाड रंगाचा टोकदार बांध नखाने तुटतो. मुलांना पटवायचं तर जायच्या पंधरा दिवस आधी वर्गात तांब्याचा पत्रा आणा, चिंच-मिठाने लख्ख करून धुऊन कोरडा करा, निम्म्या भागावर प्रत्येकाने एकदा बोट टेकवा आणि ठेवून द्या. बाकी भाषण नको.

प्रकाशाचं : कागद, जलरंग, कापड यांच्यासाठी ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास, तैलचित्रांसाठी १५० ते २०० लक्स असा संग्रहालयांचा दंडक आहे. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, आणि नुकसान साठत जातं. कमी उजेडात जास्त दिवस काय किंवा जास्त उजेडात कमी दिवस काय, हिशेब सारखाच. दुकानाच्या दर्शनी भागात घडी करून ठेवलेल्या चादरीचा उन्हाकडचा पट्टा फिका पडतो, तोच प्रकार. आपल्याकडच्या उन्हाला हे उदाहरण मुलांना लगेच कळेल.

म्हणून बाहेरच्या उन्हातून थेट कागदावरच्या कामांपाशी नेऊ नका. दारातून आत गेल्यावर पाच-दहा मिनिटं तैलचित्रांच्या बाजूला काढा, डोळे सरावतात. स्केचिंग पेन्सिलीनेच. पेन, मार्कर, पाण्याची बाटली बाहेर. सॅक पाठीवर ठेवून कोणी मागे सरकू नये, चित्राला धक्का बसतो तो बहुतेक असाच, दुसऱ्याला जागा देताना. फोटोची परवानगी प्रदर्शनागणिक बदलते, दाराशी विचारा. परवानगी असली तरी फ्लॅश बंद, आणि तो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आधीच बंद करून घ्या.

नवी_पेठ

जहांगीरलाही जरूर न्या, १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या चित्रकार-शिल्पकारांच्या गटाचं पहिलं प्रदर्शन तिथंच झालं होतं. हुसेन, रझा, सूझा, गायतोंडे सगळे संस्थापक.

तिरपी_रेघ

नवी_पेठ, दोन्ही दुरुस्त्या मुलांच्या वहीत जायच्या आधी करून घ्या. जहांगीर १९५२ मध्ये उघडली. ग्रुप १९४७ चा, आणि त्यांचं मुंबईतलं गाजलेलं पहिलं प्रदर्शन १९४९ मध्ये रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या सलाँमध्ये, म्हणजे प्रदर्शनाच्या दालनात. संस्थापक सहा : सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि सदानंद बाक्रे. सहांत शिल्पकार एकटे बाक्रे, म्हणून नेमके तेच विसरले जातात. गायतोंडे नंतर आले. तय्यब मेहता, अकबर पदमसी हेही त्यांच्या सोबतचे, संस्थापकांत नाहीत.

हुसेन मात्र आपल्या जिल्ह्यातले, जन्म पंढरपूरचा, १९१५. मुंबईत सुरुवातीला सिनेमाची होर्डिंगं रंगवत. लांबून वाचता येईल अशी जाड रेघ आणि एका दमात भरलेला रंग कुठून आला, हे मुलांना दहा फुटांवरून आणि मग दोन फुटांवरून बघायला लावून विचारा. अजून फ्लेक्सच्या आधीचा हाताने रंगवलेला एखादा बोर्ड गावात उरला असेल तर जाताना तोही दाखवा.

नवी_पेठ

मान्य. बाक्रे खरंच विसरलो होतो.

कन्ना_चौक

ज्यांना मुंबई जमत नाही त्यांच्यासाठी : औंध. सातारा जिल्ह्यातलं श्री भवानी वस्तुसंग्रहालय, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं. लोक तिथं रविवर्मा आणि धुरंधर बघायला जातात आणि हेन्री मूरच्या 'माता आणि मूल' शिल्पापुढून न थांबता निघून जातात. आधुनिक शिल्पकलेतलं जगातलं एक मोठं नाव आणि ते माणदेशाच्या टेकाडावर बसलंय! पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, वडूज असं जाता येतं, पहाटे निघालं तर एका दिवसात होतं. त्याच छपराखाली रविवर्म्याची साडीची चुणी न् चुणी मोजता येईल अशी स्त्री, आणि मूरची नाक-डोळे जवळजवळ नसलेली आई. लहान मुलांचा गट असेल तर मी मुंबईआधी हेच सुचवेन. सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्या.

रेखाकला_वर्ग

आतापर्यंतचं धरून आराखडा केलाय. जायच्या आधी दोन तास वर्गात : एक चादर उलटसुलट बघून लिहिणं, तांब्याचा पत्रा, माध्यमांचे चार नमुने. एक रविवार पुतळा चौक. मुंबईत सकाळी अकराला आत, चार गट, पंधरा मिनिटांची मुकी फेरी, मग चित्रं तीन आणि शिल्पं दोन. दीड वाजता बाहेर, जेवण, तीनला जहांगीर. प्रत्येकाला एक छापील प्रश्नपत्रिका द्यावी असा विचार आहे, वीस प्रश्न.

धोटा_फणी

वीस नको हो. वीस प्रश्न दिले की मुलं लेबलावरून उत्तरं उतरवत सुटतात आणि चित्र म्हणजे लेबलाच्या वरचा अडथळा होतो. चारच द्या. कशावर, कशाने, शेवटी काय लागलं, आणि या कामातून एक गोष्ट काढून टाकायची तर कोणती काढशील व काय बिघडेल. चौथा सगळ्यात कामाचा. त्याला लेबलावर उत्तर नसतं.

लेबल शेवटी वाचायला हरकत नाही, पण एक खाचखळगा : मापात आधी उंची, मग रुंदी. मुलं उलट लिहितात आणि घरी आल्यावर आडवं चित्र उभं होऊन बसतं. 'अनटायटल्ड' दिसलं तर स्वतःचं नाव सुचवायचा खेळ करू नका. चित्रकाराने मुद्दाम रिकामी ठेवलेली जागा भरायची घाई कशाला.

ओतकाम

आराखड्यात चित्रं तीन, शिल्पं दोन. जमल्यास उलटं करा. आणि जेवणानंतर जहांगीरला सगळ्यांना ओढू नका. ज्यांना परत एनजीएमएत जाऊन एकाच कामापुढे बसायचंय त्यांना बसू द्या. तुम्ही तिघं आहात, एक जण त्यांच्यासोबत राहील. तिकिटं जपून ठेवा, परत आत सोडतात का ते सकाळीच दाराशी विचारून घ्या.

रेखाकला_वर्ग

बदल करतो. शेवटचा प्रश्न : पेन्सिल एचबी की २बी? मुलं विचारलालेत.

पन्नास_लक्स

२बी. मंद उजेडात एचबीची रेघ दिसत नाही, मग मुलं दाब देतात आणि मागचं पान उमटतं. वही ए५, पुठ्ठ्याच्या पाठीची, म्हणजे उभ्याने काढता येईल. शार्पनर डबीवाला घ्या. उघड्या शार्पनरचा भुसा खाली पडला की गार्ड पहिल्यांदा तुमच्याकडेच येणार.